औषधानंतर कोण?

व्यसनी माणसाला आपला समाज दोनच ठिकाणे दाखवितो. एक पोलिसचौकी, नाही तर उंबऱ्याबाहेरचा रस्ता. ब्राउन शुगरच्या पायी घरातील भांडीकुंडी विकणाऱ्या तरुणाची बाजू घेणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. त्याने आईला फसविलेले असते, भावाचे पैसे चोरलेले असतात. परंतु तो रोगीही आहे. वर्गातून काढलेला मुलगा त्यामुळे सुधारत नाही, तो केवळ दिसेनासा होतो, हे शाळेत अनेक वर्षे काढलेल्या आम्हांस चांगले ठाऊक आहे.

म्हणूनच वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आश्रयाने १९८१ साली फादर जो परेरा ह्यांनी सुरू केलेल्या 'कृपा फाउंडेशन'चे कार्य आम्हांस मोलाचे वाटते. स्वतः मद्यपाशातून सुटलेल्या ह्या धर्मगुरूंनी 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस'च्या बारा पायऱ्यांची शिस्त घेतली आणि तिला आपले गुरू बी. के. एस. अय्यंगार ह्यांच्या योगविद्येची जोड दिली. २००९ साली सरकारने त्यांना पद्मश्री देऊन ह्या सेवेचा गौरव केला.

ह्या कार्याचे मर्म कशात आहे? शरीरातील विष काही दिवसांत किंवा आठवड्यांत उतरते. मनातील ओढ मात्र वर्षानुवर्षे टिकते. रुग्णालयातून घरी परतलेल्या माणसाला तीच गल्ली आणि तेच मित्र भेटतात. त्या वेळी त्याला हवी असते ती आपल्यासारखाच घसरलेल्या आणि सावरलेल्या माणसांची सोबत. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन शहरी एका मद्यासक्त दलालाला आणि तितक्याच मद्यासक्त शल्यविशारदाला हेच उमगले, आणि त्यातून तो बंधुसंघ जन्मला.

अर्थात श्रद्धा ही वैद्यकाची जागा घेऊ शकत नाही. मद्य एकाएकी तोडणे जिवावरही बेतू शकते. तेथे डॉक्टरच हवा. शिवाय २००१ साली तामिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याजवळ चाललेल्या एका निवासात साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत होरपळून मेले, हेही विसरता येणार नाही. तेव्हा धर्मस्थळ कोणतेही असो, तेथे दुर्बलाला बांधून ठेवता कामा नये, आणि मदतीच्या मोबदल्यात त्याची श्रद्धाही मागता कामा नये.

ही सेवा एकट्या चर्चची मिरास नव्हे. १९८६ साली पुण्यात डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट ह्या दांपत्याने पु. ल. देशपांडे ह्यांच्या साहाय्याने 'मुक्तांगण' उभारून ते सिद्ध केले आहे. स्वेच्छेने उपचार घेऊ इच्छिणाऱ्या व्यसनाधीनाला अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ ने खटल्यापासून सशर्त संरक्षणही दिले आहे. कायद्याने दाखविलेली ही उदारता आपण कधी दाखविणार? आपल्या देवळांचे सभामंडप, शाळांचे वर्ग, वाचनालयांची दालने संध्याकाळी रिकामी असतात. आठवड्यातून एक संध्याकाळ, एक सतरंजी आणि पिण्याचे पाणी एवढेच ह्या माणसांना लागते. तेवढेही ज्या विश्वस्तांना जड वाटत असेल, त्यांनी निदान तरुण पिढी बिघडली म्हणून गळा काढू नये!