रात नव्हे, राता!

गरवं भात निसवायला लागलंय, बांधावर फारसं काम नाही. म्हणून आज पिकाऐवजी एका गाण्याची नोंद.

आई उखळात भात कांडताना एक गाणं म्हणायची. चाल मला पक्की आठवते, शब्द मात्र एकच, 'रात'. आई जाऊन सहा वर्षं झाली. यंदा लावणीत ती चाल डोक्यात बसली, ती जाईना.

अंधेरीच्या भाच्याने मोबाईलसमोर गुणगुणायला लावलं. मोबाईलने हिंदी सिनेमातलं भलतंच गाणं काढून दिलं. घाटकोपरचे चुलतभाऊ म्हणाले, रेडिओवर कामगार सभेत लागायचं ते. बोरिवलीच्या वहिनींनी अंगाई ठरवून टाकली. सगळे रात शोधत होते, कारण मीच तसं सांगितलं होतं.

गणपतीत मुलुंडला मावशीकडे गेलो. वय पंच्याऐंशी. "शब्द नाही रे आठवत," म्हणाली. मी चाल धरली तशी ती मांडीवर थाप मारायला लागली, मुसळाच्या ठेक्यात. तीन कडवी सलग आली. चौथं अडलं ते अडलंच.

म्हटलं, मावशी, यात रात कुठंय?

"रात कुठली, राता! आमच्या खारातलं लाल भात ते."

दोघी बहिणींचं माहेर पेणच्या खारेपाटात. बांध फुटला की खाडीचं पाणी शेतात. पावसाने मीठ धुऊन निघाल्याशिवाय तिथं भात धरत नाही, आणि रोपात व फुलोऱ्यात भाताला मीठ सगळ्यात जास्त बाधतं. राता तिथं तगायचं. आज तिथल्या शेतकऱ्याला पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राची पनवेल-१, २, ३ ही वाणं आहेत. आईच्या वेळी बी घरच्या कणगीतलंच.

म्हणजे मी पन्नास वर्षं ज्याला रात समजत होतो, ते वाणाचं नाव होतं.

म्हणून माझं मत सांगतो. जुनं गाणं अर्धवट आठवलं की आपण विचारतो, कुठल्या सिनेमातलं, कुणी लिहिलेलं? कामाच्या गाण्याला हे प्रश्न लागू नाहीत. विचारायचं ते असं : काम कोणतं, शिवार कुठलं, बी कोणतं? आणि नुसते शब्द मागू नका, चाल धरा, हाताला ठेका द्या. शब्द मागून येतात.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या. ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गावही नोंदवलं. तेवढी शिस्त आपल्यालाही जमेल. जुनी वाणं गोळा करणाऱ्या कृषी खात्याच्या मित्रांनाही विनंती, बियाण्याची पिशवी घेताना घरातल्या म्हातारीला विचारा, या भाताचं गाणं आहे का? वाणाचं नाव, चव, कुठल्या जमिनीत यायचं, सगळं त्यात सापडू शकतं.

मावशीची तीन कडवी रेकॉर्ड करून ठेवलीत. चौथं बहुधा आईसोबतच गेलं. पेण, अलिबाग, उरणकडच्या कुणाच्या घरी राता कांडायचं गाणं असेल तर आजीला आजच विचारा. आणि पाठवताना गावाचं नाव लिहायला विसरू नका.