अर्ध्या तासाचा खेळ, पुरी गोष्ट

मोबाईलवरचा खेळ म्हटला की आपल्या वस्त्यांतून दोनच मते ऐकू येतात. आईबाप म्हणतात, पोरगं वाया चाललं. पोरगं म्हणतं, सगळेच खेळतात. नांदेड आणि लातूरच्या काही घरांत आम्ही हा विषय मुद्दाम काढला, तेव्हा तिसरीच बाब कानावर आली. खेळणाऱ्यांत नुसती पोरे नाहीत. दिवसभर शिलाई मशीन चालवणाऱ्या भगिनी आहेत, रात्रपाळीचे वॉचमन आहेत, लातूरला खोली करून नीटची तयारी करणाऱ्या मुली आहेत. आणि त्यांतल्या पुष्कळांची तक्रार एकच आहे, की खेळून उठल्यावर डोके हलके होण्याऐवजी जड होते.

असे का होते? कारण हाताशी येतो तो खेळ आपण उघडतो. आपल्याला त्या वेळी काय हवे आहे, हे आपण स्वतःला विचारतच नाही. भूक लागली असता कोणी चहावर चहा पाजावा, तसा हा प्रकार आहे.

फुकटात मिळणारे बहुतेक खेळ संपण्यासाठी केलेलेच नसतात. रोज हजेरी लावली तर बक्षीस, चुकवली तर बक्षीस गेले. पाच वेळा हरलात तर थांबा, नाहीतर पैसे मोजून पुन्हा सुरू करा. टप्पा तीनशे झाला की तीनशे एक. पूर्वी टीव्हीला यंत्र जोडून कॅसेटवर मारिओ किंवा कॉन्ट्रा खेळणाऱ्यांना आठवत असेल, त्या खेळांना निदान शेवट होता. शेवटच्या राक्षसापर्यंत पोचलेला मुलगा गल्लीत मान वर करून फिरत असे आणि दुसऱ्या दिवशी क्रिकेटला येत असे! आताच्या खेळात पोचायचे ठिकाणच काढून टाकले आहे.

पैसे लावून खेळायच्या खेळांविषयी आम्ही इथे फार लिहीत नाही, कारण तो खेळ नव्हे. रमीच्या नादात महिन्याचा पगार घालवलेली तरुण मुले आपल्या ओळखीत आहेत. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैसे लावण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. तरी कोणी लिंक पाठवून बोलावले, तर घरातल्या थोरांनी डोळे उघडे ठेवावेत.

तर मग माणूस खेळतो कशासाठी? या प्रश्नाचा अभ्यास झालेला आहे. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी १९७८ च्या सुमारास अनेकांनी मिळून खेळायचा एक खेळ तयार केला. त्यात चित्रे नव्हती, नुसती अक्षरे होती. पुढे १९९६ साली बार्टल यांनी खेळाडूंचे चार स्वभाव मांडले. कोणाला गुण मिळवायचे असतात, कोणाला नवी जागा धुंडाळायची असते, कोणाला माणसे हवी असतात, आणि कोणाला समोरच्याला लोळवायचे असते. त्यानंतर निक यी या संशोधकाने तीन हजार खेळाडूंना प्रश्न विचारून २००६ मध्ये तीन मोठी कारणे सांगितली: काही साध्य करणे, संगतसोबत, आणि दुसऱ्या जगात रमून जाणे.

आमच्या मते हे शिक्के माणसावर कायमचे मारू नयेत. एकाच माणसाला रविवारी सकाळी जिंकायचे असते आणि बुधवारी रात्री पाळीवरून आल्यावर कोणाशी लढायची ताकद नसते. दिवसभर मुकादमाचा तगादा सोसलेल्या माणसाला मोबाईलमध्येही घड्याळ आणि हार-जीत दिली, तर त्याला विसावा कसा मिळेल? क्लासच्या चाचणीत रोज क्रमांक लागणाऱ्या मुलीला खेळातही क्रमांकच का हवा? अशा वेळी हवी असते एक गोष्ट. छोटी, घाई नसलेली, आणि संपणारी. असे खेळ आहेत. आम्ही त्यांतले काही खेळून पाहिले आणि घरच्यांकडूनही खेळवून घेतले.

पहिला ‘फ्लॉरेन्स’. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या मंडळींनी २०१८ मध्ये काढलेला हा मोबाईलवरचा खेळ अर्ध्या-पाऊण तासात पुरा होतो. शब्द जवळजवळ नाहीतच, म्हणून इंग्रजीची भीती नको. फ्लॉरेन्स पंचवीस वर्षांची, कंटाळवाण्या नोकरीतली मुलगी. तिला चेलो हे वाद्य वाजवणारा कृष नावाचा तरुण भेटतो. दोघे बोलतात तेव्हा बोलण्याचे तुकडे जुळवून आपण तो फुगा भरायचा. ओळख नवी असते तेव्हा तुकडे पुष्कळ, जुळवायला वेळ लागतो. ओळख वाढते तसे तुकडे कमी होत जातात. आणि भांडण होते तेव्हा त्याच तुकड्यांना टोकदार कडा येतात. एकही शब्द न लिहिता संसारातले बोलणे असे दाखवलेले आम्ही दुसरीकडे पाहिले नाही.

पण आमच्या मनात घर करून बसला तो ‘अनपॅकिंग’. हाही ऑस्ट्रेलियातला, ब्रिस्बेनचा, २०२१ सालचा. आधी संगणकावर होता, २०२३ पासून मोबाईलवरही मिळतो. खेळ काय, तर घर बदलल्यावर खोकी उघडायची आणि सामान लावायचे. ऐकून हसू येईल. बायका म्हणतील, हे तर आम्ही फुकट करतोच! पण पाहा. १९९७ ते २०१८ या काळात एक मुलगी आठ वेळा सामान हलवते. तिचा चेहरा आपल्याला कधी दिसत नाही. आपल्याला दिसते ते तिचे सामान: बालपणीची खेळणी, कॉलेजची पुस्तके, कामाची साधने. कोणती वस्तू घरोघर तिच्याबरोबर राहिली आणि कोणती मधेच नाहीशी झाली, यावरून तिचे आयुष्य आपण वाचत जातो.

२०१० साली ती एका मित्राच्या घरी राहायला जाते. त्याचे घर आधीच भरलेले. भिंतीवर त्याची चित्रे, फळ्यांवर त्याच्या वस्तू. खोक्यातून तिचे पदवीचे प्रमाणपत्र निघते. आपण ते इथे टांगून पाहतो, तिथे ठेवून पाहतो. कुठेही ठेवले तरी त्याभोवती लाल रेघ येते, म्हणजे जागा चुकली. शेवटी त्याला एकच जागा उरते: पलंगाखाली. खेळात कोणी काही बोलत नाही, वाईट संगीत वाजत नाही. आपल्याच हाताने ती पदवी आपण पलंगाखाली सरकवतो.

नांदेडच्या एका भगिनीने हा टप्पा खेळला आणि मोबाईल खाली ठेवला. बाप हमाली करत असताना ती बी.ए. झाली. घराण्यात पदवी घेणारी ती पहिली. लग्नानंतर ते प्रमाणपत्र सासरच्या लोखंडी पेटीत, साड्यांच्या तळाशी गेले आणि तिथेच राहिले. कोणी काढून टाकले नाही, कोणी रागावलेही नाही, नुसती जागा झाली नाही. आपल्या किती घरांत अशी पेटी असेल? त्या मुलीच्या प्रमाणपत्राचे पुढच्या घरांत काय होते, ते आम्ही सांगत नाही. आमच्या भगिनीने मात्र उरलेला खेळ दुसऱ्या दिवशी, नवऱ्याला शेजारी बसवून पुरा केला. खेळ सगळा मिळून चार तासांच्या आसपास जातो, पण एक घर एका बैठकीला असे वाटून घेता येते. २०२२ मध्ये ब्रिटनच्या बाफ्टा संस्थेने उत्तम कथनासाठी या खेळाला पुरस्कार दिला. खोकी उघडण्याच्या खेळाला कथेचा पुरस्कार!

घरापासून दूर राहणाऱ्या किंवा राहिलेल्या पुरुषांना आम्ही ‘ओल्ड मॅन्स जर्नी’ सुचवू. व्हिएन्नाच्या मंडळींनी २०१७ मध्ये काढलेला, बिनशब्दांचा. एका म्हाताऱ्याला पत्र येते आणि तो पाठीवर पिशवी टाकून निघतो. आपण बोटाने टेकड्या वरखाली करून त्याला वाट करून द्यायची. तो मधेमधे टेकतो तेव्हा त्याची एकेक आठवण उघडते. समुद्राच्या ओढीने त्याने मागे काय सोडले, ते हळूहळू कळते. ऊसतोडीला, पुण्या-मुंबईला निम्मे आयुष्य घालवलेल्या माणसाला यात आपले काही सापडेल. मन आधीच खचलेले असेल तर त्या दिवशी नको. शांत असला तरी हा खेळ डोळ्यांत पाणी आणतो.

ज्यांना डोके चालवायला आवडते पण घड्याळ नको, त्यांना ‘मॉन्युमेंट व्हॅली’ (२०१४) आहे. जिने फिरवायचे, बुरूज वळवायचे आणि एका लहान मुलीला पुढे न्यायचे. यात कोणी मरत नाही, वेळ संपत नाही. मुलांबरोबर बसून खेळायला चांगला.

घरात किंवा वाचनालयात संगणक असेल तर आणखी दोन नावे. ‘अ शॉर्ट हाइक’ (२०१९) मध्ये क्लेअर नावाच्या पक्षिणीला एका महत्त्वाच्या फोनची वाट पाहायची आहे आणि रेंज फक्त डोंगराच्या माथ्यावर आहे. किनवट-माहूरच्या डोंगरातल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. वाटेत भटकायला, मासे धरायला, गप्पा मारायला पूर्ण मुभा. दुसरा ‘वेन्बा’ (२०२३). १९८८ मध्ये तमिळनाडूहून कॅनडात गेलेले जोडपे, आणि आईच्या हातची पाककृतींची वही. वही फाटली आहे, अक्षरे पुसली आहेत. इडलीपात्रातली ताटे कशी रचली म्हणजे वाफ नीट लागेल, हे आपण डोके चालवून शोधायचे. मुलगा शाळेत जाऊ लागतो आणि आईच्या भाषेला, आईच्या स्वयंपाकाला लाजू लागतो. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने मित्रांसमोर आईशी गावाकडच्या बोलीत बोलायचे टाळले, हे ज्या आईने अनुभवले आहे, तिला कॅनडा दूर वाटणार नाही. तास-दीड तासाचा खेळ आहे, पण इंग्रजी वाचावे लागते. कॉलेजच्या मुलाने वाचून आईला सांगावे आणि इडलीचे आईने सांगावे. आम्हाला हाच प्रकार जास्त आवडला.

आपल्याकडेही खेळ तयार होतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ काढला, त्याचे बाहेर कौतुकही झाले. पण त्यात लढाई भरपूर, म्हणून थकल्या रात्रीसाठी आम्ही तो सांगत नाही.

आता पैशाचे. वर सांगितलेले खेळ बहुधा एकदाच पैसे देऊन घ्यायचे असतात. आपल्या घरांत लगेच प्रश्न येतो, फुकट असताना पैसे कशाला? हिशेब उलटा करून पाहावा. फुकट खेळात दहा-वीस रुपयांची नाणी घेत घेत वर्षभरात किती गेले, ते पोराच्या मोबाईलमधला खरेदीचा तपशील उघडून पाहावा. एकदाच पैसे घेणाऱ्याला तुम्हाला पुन्हा पुन्हा बोलावण्याची गरज नसते, म्हणून त्याचा खेळ संपतो. गूगल प्लेवर घरातल्या माणसांचा गट करता येतो आणि घेतलेला खेळ, त्याला परवानगी असेल तर, त्या गटातल्या पाच जणांना वाटता येतो. आवडला नाही तर ४८ तासांच्या आत पैसे परत मागता येतात. घेण्याआधी एवढे पाहावे: शेवट आहे का, किती वेळाचा आहे, नेट बंद करून चालतो का, आणि आत आणखी खरेदी आहे का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्याच पानावर लिहिलेले असते.

आणि मराठीत? वरच्या यादीतला एकही खेळ मराठी बोलत नाही. गोष्टींचा मात्र आपल्याकडे तोटा नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या काही १९९६ मध्ये आपल्या शेजारी, बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात ध्वनिमुद्रित झालेल्या आहेत. दळता दळता आयुष्य सांगणाऱ्या त्या बायकांची गोष्ट खेळात यायला हरकत काय? क्रिस क्लायमस यांनी २००९ मध्ये ‘ट्वाइन’ नावाचे साधन काढले. ते फुकट आहे, संगणकाच्या ब्राउझरमध्ये चालते, प्रोग्रामिंग यावेच लागते असे नाही. एक प्रसंग लिहायचा, खाली दोन वाटा द्यायच्या, वाचणाऱ्याने एक निवडायची, आणि पुढचा प्रसंग. देवनागरीत लिहिता येते आणि तयार झालेली फाईल मोबाईलवर उघडते. दहावी-बारावीच्या मुलांनी दिवाळीच्या सुटीत हे करून पाहावे. विषय म्हणून आजीचे एक दिवसाचे रोजगाराचे काम घ्या, किंवा लातूरच्या खोलीवरचा पहिला आठवडा. कोणी केलेच, तर आम्हाला जरूर कळवा. आम्ही खेळू, आणि कसा वाटला ते याच पानावर लिहू.