टेकडीवरची सायकल: कुठे आणि कोणती

वेताळ टेकडीवर सायकल चालवू द्यावी का, या प्रश्नावर पुण्यात दोन ठाम मते आहेत आणि ती मांडणाऱ्या दोघांनाही टेकडीची काळजी आहे. बालभारती ते पौड फाटा रस्त्याला २०२३ मध्ये झाला तसा विरोध उद्या पुन्हा करायची वेळ आली, तर हे दोघे खांद्याला खांदा लावून उभे राहतील. सकाळी साडेसहाला अरुंद पायवाटेवर समोरासमोर आले, की मात्र वाट कोणी कोणाला द्यायची यावरून खटके उडतात. त्या खटक्यांमागचे मुद्दे दोन्हीकडे खरे आहेत. शिवाय या वादाचा एक धागा थेट सायकलच्या दुकानात जातो, आणि त्याकडे सहसा कोणी पाहत नाही.

पायी फिरणाऱ्यांची तक्रार आधी वेगाची आहे. उताराला लागलेली सायकल ताशी २५ किलोमीटरने आली तरी सेकंदाला जवळजवळ सात मीटर कापते, आणि गिरिपुष्पाच्या गचपणात वळणापलीकडचे दहा-पंधरा पावलांपुढे काही दिसत नाही. मोटारसायकलचा निदान आवाज तरी येतो. सायकल अगदी पाठीशी येईपर्यंत कळत नाही. गुडघे धरलेल्या आजोबांना चटकन बाजूला होता येत नाही, आणि घाबरून उडी मारलीच तर पडतात तेच. दुसरी तक्रार टेकडीच्या वतीने आहे. चंडोल, तित्तर यांसारखे पक्षी जमिनीवरच घरटी करतात. मुख्य वाटेला फुटलेली प्रत्येक नवी आडवाट त्यांचे गवत आणखी थोडे तोडते. एका सायकलवाल्याला परवानगी दिली की मोटारसायकल वर चढवणाऱ्यालाही तोंड फुटते, ही भीतीसुद्धा निराधार नाही.

दुसरीकडे, सायकलवाल्यांची बाजू केवळ हौसेची म्हणून झटकता येणार नाही. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्यात आज सोळा वर्षांच्या मुलाला निर्धास्तपणे सायकल चालवता येईल असा रस्ता दाखवणे अवघड आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीची ही टेकडी त्याच्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे. तिथे बस नाही, डंपर नाही, सिग्नल तोडणारा कोणी नाही. धाप लागेपर्यंत चढ चढावा, दगडांतून तोल सांभाळत उतरावे, यातला आनंद गिर्यारोहकाच्या आनंदाहून हलका का मानायचा? शिवाय टेकडीवर पायी येणाऱ्यांची संख्या सायकलींच्या कित्येक पट आहे. मग वाटा रुंदावल्याचा सगळा दोष चाकांवर का, असे ते विचारतात.

या प्रश्नाला परदेशातल्या अभ्यासांचा काहीसा आधारही आहे. अमेरिकेत मोंटानाच्या डोंगरवाटांवर १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घोडे, पायी चालणारे, मोटारसायकली आणि सायकली यांची तुलना झाली, तेव्हा चाकांपेक्षा टापा आणि पावले जास्त माती मोकळी करताना आढळली. कॅनडातल्या ऑन्टारिओमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही झाडोऱ्यावर आणि मातीवर पावलांचा व चाकांचा परिणाम साधारण सारखाच निघाला. सायकल ही पायवाटेची शत्रूच आहे, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हे निष्कर्ष मनावर घ्यायला हवेत.

मात्र मोंटानाची माती वेगळी आणि आपला मुरूम वेगळा. इथे काळ्या पाषाणावर मातीचा थर जेमतेम वीतभर, आणि वर्षभराचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत कोसळतो. कुठल्याही उतारावरच्या वळणाशी दोन मिनिटे उकिडवे बसून पाहावे. सरळ चालत्या चाकाने वाटेवर फारसे काही उमटत नाही. वळणाच्या अलीकडे, जिथे घाबरून मागचा ब्रेक करकचून दाबलेला असतो, तिथे मुरूम खरवडून टायरच्या रुंदीची गुळगुळीत पन्हळ झालेली दिसते, आणि सुटे खडे तिच्या दोन्ही काठांवर साचलेले असतात. पहिल्या वळवाच्या पावसात पाणी नेमके त्या पन्हळीतून धावते आणि श्रावणापर्यंत तिचा ओघळ होतो. मग तो चुकवण्यासाठी पायी येणारे गवतातून चालू लागतात, आणि एका वाटेच्या दोन होतात. पाणी जिरवायला खणलेल्या समतल चरांचे बांध उडी मारायला फार सोयीचे असतात, हेही सायकलवाल्यांना माहीत आहे. असा बांध एका जागी ढासळला, की अडवलेले सगळे पाणी तिथूनच खाली सुटते. थोडक्यात, चाक आले की टेकडी झिजते असे नाही. ते घसरत आले, ओल्या मातीवरून आले, किंवा नको त्या जागी आले, की झिजते.

इतरांनी यातून काढलेले मार्ग एकसारखे नाहीत. इंग्लंड-वेल्समध्ये १९६८च्या कायद्याने घोडेवाटांवर सायकलींना मुभा दिली. अट एवढीच, की पादचारी आणि घोडेस्वार यांना सायकलने वाट द्यायची. स्कॉटलंडने २००३च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्याला जवळजवळ सगळे माळरान मोकळे केले. आमच्या मते पुण्याच्या सर्वांत जवळचे उदाहरण मात्र कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्याचे आहे. माउंटन बाइकचा जन्मच तिथला. १९७६ पासून तिथल्या एका उतारावर जुन्या सायकलींची शर्यत लागे. खाली पोहोचेपर्यंत ब्रेकच्या हबमधले ग्रीस तापून उडून जाई आणि दर खेपेला हब नव्याने भरावा लागे. त्याच परगण्यात पुढे आगविझवणीच्या रुंद रस्त्यांवर सायकलींना परवानगी राहिली, अरुंद पायवाटा बहुतांशी बंद झाल्या, आणि वेगाची मर्यादा ताशी १५ मैल म्हणजे सुमारे २४ किलोमीटर ठरली. आंधळ्या वळणावर आणि कोणाला ओलांडताना ५ मैल. तिथले सायकलस्वार आजही कुरकुरतात, आणि त्यांचे म्हणणे समजण्याजोगे आहे: खरी मजा अरुंद वाटेत असते, रुंद रस्ता म्हणजे नुसता उतार. हक्काची अरुंद वाट मिळाली नाही, तर कोणीतरी ती रात्रीतून खणतोच.

तरीही आमचा कल याच मार्गाकडे आहे. वणवा पसरू नये म्हणून काढलेल्या जाळरेषा आणि खाणीकडे जाणारे जुने कच्चे रस्ते ही सायकलींची जागा असावी. तिथे समोरचे लांबून दिसते, दोघांना बाजूने जाता येते आणि गवत आधीच काढलेले असते. पायवाटा पायांसाठीच राहाव्यात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत, आणि त्यानंतरही पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस, चाके वर नेऊ नयेत. सायकलवाल्यांना यात वर्षाचे चार हिरवेगार महिने गमवावे लागतील. हे नुकसान लहान नाही, पण मुरुमाला भरून यायला लागणारा काळ त्याहून मोठा आहे.

आता दुकानाकडे. कोणती सायकल घ्यायची हा ज्याच्या त्याच्या खिशाचा आणि आवडीचा प्रश्न, असे आपण मानतो, आणि बऱ्याच अंशी ते खरेही आहे. मात्र वर पाहिल्याप्रमाणे टेकडीचे बरे-वाईट ब्रेकवर आणि टायरवर ठरत असेल, तर ही निवड निव्वळ खासगी राहत नाही.

पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेल्या फुल सस्पेन्शन सायकलच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. मागचे चाक दगडावरून उधळत नाही, जमिनीला धरून राहते. त्यामुळे ब्रेक लागतो आणि घसरणे कमी होते. कंबरदुखीवाल्या पन्नाशीच्या स्वारासाठी तो फरक चैनीचा म्हणता येणार नाही. उलट बाजू अशी, की तिच्या सांध्यांतल्या बेअरिंगांना आपली धूळ मानवत नाही, शॉकअपची सर्व्हिसिंग महाग पडते, आणि मुख्य म्हणजे जिथे हळू यायला हवे तिथे ती जोरात येऊ देते. फक्त पुढे फोर्क असलेली हार्डटेल स्वाराला प्रत्येक दगड कळवते, आणि त्यामुळे आपोआप वेग आवरायला लावते. वेताळ टेकडीच्या उंचीचा विचार करता १०० ते १२० मिलिमीटर दबणारा पुढचा फोर्क पुरेसा आहे, असे आम्हाला वाटते. लोणावळ्याच्या किंवा महाबळेश्वरच्या घाटात दिवसभर हिंडणाऱ्याचे उत्तर वेगळे असू शकेल.

पैसे कशावर खर्चावेत, याबाबत आमचे मत अधिक ठाम आहे. स्वस्त सायकलीवरचा स्प्रिंगचा फोर्क दुकानात दाबून पाहताना छान वाटतो. टेकडीवर तो वजन वाढवतो आणि टोल्याला टणकन आपटतो. त्यापेक्षा साधा फोर्क आणि हायड्रॉलिक डिस्क ब्रेक बरे. तार ओढणाऱ्या डिस्क ब्रेकला चार बोटे आवळावी लागतात आणि मग चाक एकदम अडकते. हायड्रॉलिकला एक बोट पुरते आणि जोर थोडा-थोडा वाढवता येतो. ती खरवडलेली पन्हळ बरीचशी इथेच टळते. तीच गोष्ट टायरची. सराटे आणि बाभळीचे काटे यांच्या धास्तीने बहुतेक जण ट्यूबमध्ये चाळीस पीएसआय हवा ठासतात. टायर दगडासारखा होतो आणि सुट्या मुरुमावर सटकतो. २.२ किंवा २.३ इंची ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट घातले तर बारीकसारीक काटे स्वतःच बुजतात, आणि पंचवीसच्या आसपास हवेवर टायर जमिनीला चिकटून चालतो. खर्च वाढतो, सीलंट आपल्या उन्हात काही महिन्यांत सुकते आणि पुन्हा घालावे लागते, हेही खरे. (चार इंची जाड टायरची ती भारदस्त सायकल मुलांना भुरळ घालते, हे आम्ही जाणतो. ती बर्फासाठी आणि वाळूसाठी जन्मली. पुण्यात सध्या तरी दोन्ही नाहीत.)

सर्वांत अवघड प्रश्न बॅटरीच्या सायकलीचा. मोटार २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल, तर आपल्या नियमांनुसार ती मोटार वाहनात मोडत नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा टेकडी चढू पाहणाऱ्या माणसाला ती नाकारणे कठोर होईल. पण कागदावर बसणारी आणि नुसत्या हँडलवरच्या थ्रॉटलने चढ चढणारी, अशा दोन सायकलींत फरक ओळखायला वनरक्षकाने काय करावे? सध्यापुरती, पायडल मारल्याशिवाय न चालणारी सायकल चालेल आणि थ्रॉटलवाली नाही, अशी रेघ आम्ही ओढू. ती पुरेशी स्पष्ट नाही, याची आम्हाला जाणीव आहे.

आमच्या मताची कच्ची बाजू अंमलबजावणीची आहे. बाटल्या, वणवे आणि मोटारसायकली यांच्यामागे धावणाऱ्या वन कर्मचाऱ्यांना सायकलींच्या वाटाही राखायला सांगणे म्हणजे त्यांच्या डोक्यावर आणखी एक काम. म्हणून सुरुवात छोटी असावी. एकच जाळरेषा निवडावी, दिवाळीपासून होळीपर्यंत ती सकाळी आठनंतर सायकलींना खुली करावी, आणि तिच्या चार वळणांवर खुंट्या ठोकून माती किती खाली गेली ते दर महिन्याला मोजावे. मोजणाऱ्यांत एक सायकलवाला असावा आणि एक रोज पायी येणारा. जवळच्या, सायकल न जाणाऱ्या पायवाटेवरही तशाच खुंट्या हव्यात, नाहीतर होळीला पुन्हा हाच वाद घालत बसावे लागेल.