पेटी बांधली म्हणून गाडी बाटली?

सरकारी कारकुनाच्या आयुष्यात चैनीच्या गोष्टी मोजक्याच. त्यात एलटीसीचा नंबर बराच वरचा. गेल्या दिवाळीत हा हक्क वापरून बडोद्याला आतेभावाकडे जाऊन आलो. दांडिया बाजार म्हणजे बडोद्यातले मराठी माणसांचे गावच. गायकवाडांच्या मागोमाग आलेली ही घराणी आता हिशेब गुजरातीत करतात, पण भांडतात मात्र अजून मराठीत. असेच एक भांडण मला तिथे ऐकायला मिळाले, नव्हे, मी त्यात पडलो. ते अजून डोक्यातून गेलेले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

दादाकडे 1951 सालची एमजी टीडी आहे. दोन माणसांची, उघडी, लांब नाकाची विलायती स्पोर्ट्स कार. त्याच्या वडिलांनी साठच्या दशकात मुंबईच्या एका पारशी गृहस्थाकडून ती घेतली. 1250 सीसीचे इंजिन, वजन जेमतेम नऊशे किलो, मागे पेट्रोलची टाकी आणि टाकीच्या पाठीवर टांगलेले जादा चाक. डिकी नाही. सीटच्या मागे थोडी फट आहे, तिच्यात एखादी पिशवी आणि पावसाळी टपाचे कापड मावते, एवढेच. तर या गाडीच्या मागे दादाने मकरपुरा जीआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी पाइपचा कॅरिअर करून बसवला आणि त्यावर चामड्याच्या पट्ट्यांनी एक जुनी पेटी बांधली.

दिवाळीच्या फराळाला आलेले एक गृहस्थ ते पाहून मटकन खालीच बसले. स्वतः जुन्या गाड्यांचे शौकीन, प्रदर्शनांतून वावरणारे. म्हणाले, ‘साहेब, हे काय केलंत? तुम्ही गाडी बाटवलीत!’

वाचकहो, गोव्याच्या माणसाला हा शब्द असा सहज ऐकवू नये. बाटणे म्हणजे काय, कोण कशाने बाटतो आणि कोण ते ठरवतो, यावर आमच्या पूर्वजांनी चारशे वर्षे काढली आहेत. विहिरीत पावाचा तुकडा पडला म्हणून गावे बाटल्याच्या कथा ऐकत आम्ही मोठे झालो. आता लोखंडाची गाडीही चार बोल्टांनी बाटू लागली!

पेटी का बांधली तेही सांगतो. वहिनी आमच्याकडची, कवळ्याजवळची. लग्नाला अठ्ठावीस वर्षे झाली. एवढ्या वर्षांत ती या गाडीत बसली ती फक्त मेळाव्यांत. नऊवारी नेसून, नथ घालून, दादाच्या बाजूला. मराठमोळा देखावा लोकांना आवडतो, फोटो निघतात, टाळ्या पडतात. घरी आल्यावर गाडी ताडपत्रीखाली आणि नऊवारी कपाटात. मागच्या वर्षी ती म्हणाली, ‘मला एकदा साधा कुडता घालून या गाडीतून माहेरी जायचंय. फक्त माझी बॅग कुठे ठेवायची तेवढं सांगा.’ दादाकडे उत्तर नव्हते. कॅरिअर हे ते उत्तर.

आता त्या गृहस्थांचा मुद्दा घेऊ. त्यांच्या मते गाडी कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच राहिली पाहिजे. ऐकायला हे फार शुद्ध वाटते. पण ही शुद्धता इतिहासाला ठाऊक नाही. आपण ज्याला डिकी म्हणतो तो शब्दच पाहा. इंग्रजांच्या घोडागाडीला मागे नोकरासाठी एक जादा बैठक असे, तिचे नाव डिकी. तीच पुढे मोटारीला आली आणि सामान ठेवायच्या जागेला आपण ते नाव देऊन मोकळे झालो. अमेरिकन माणूस तिलाच ट्रंक म्हणतो, कारण सुरुवातीच्या मोटारींच्या मागे खरोखरची ट्रंक पट्ट्यांनी बांधलेली असे. म्हणजे सामान आधी बाहेर होते, कारखान्यांनी ते मागाहून आत घेतले. पेटी बांधलेली मोटार ही मोटारीची सगळ्यात जुनी तऱ्हा. एमजीच्या या गाड्या नव्या होत्या तेव्हाही त्यांच्या मालकांनी असे कॅरिअर बसवले, सुट्टीत समुद्रावर नेले. या गाडीचा जन्मच मुळी रविवारसाठी. तिला आयुष्यभर सोमवारच्या कपाटात कोंडणे ही कुठली निष्ठा?

आणखी मागे जाऊ. 1888 सालच्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ ही बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याने बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला गेली. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. जगातला मोटारीचा हा पहिला लांबचा प्रवास. आणि ती कुठे गेली? आईकडे! मोटारीचा इतिहास शर्यतीपासून सुरू होत नाही, माहेरपणापासून सुरू होतो, हे आमच्या शौकिनांनी जरा लक्षात ठेवावे. वाटेत इंधन संपले ते तिने औषधाच्या दुकानातून घेतले, तुंबलेली नळी हॅटच्या पिनेने साफ केली, ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडे ठोकून घेतले. चढावर मुलांना उतरून ढकलावे लागले, म्हणून पुढे गाडीला चढाचा जादा गिअर आला. मूळ गाडीत बदल करणारी पहिली व्यक्ती माहेरी निघालेली एक आई होती, आणि त्या बदलांनी मोटार बाटली नाही, शहाणी झाली.

खुद्द बडोद्याचेच उदाहरण हवे असेल तर डभोईकडे बघा. डभोई ते मियागाम ही आपल्या देशातली पहिली नॅरोगेज रेल्वे, 1862 सालची, गायकवाडांची. तिला सुरुवातीला कोण ओढत होते? बैल! इंजिने आली ती 1873 मध्ये रूळ नव्याने घातल्यावर. रुळांवर बैल जुंपणाऱ्या माणसांना कोणी ‘हे मूळ रेल्वेला धरून नाही’ असे सांगितले असते तर ती हसली असती. माणसे आणि माल पोचले पाहिजेत, ही त्यांची कसोटी.

एवढे म्हटल्यावर विरोधकांचे जे खरे आहे तेही मान्य केले पाहिजे, नाहीतर तो वितंडवाद होईल. जुन्या पत्र्याला भोके पाडणे हे पाप आहे, त्यात मी त्यांच्या बाजूने. भोकातून गंज शिरतो आणि पत्रा परत मिळत नाही. दादाने एकही भोक पाडलेले नाही. चौकट जादा चाकाच्या ब्रॅकेटला आणि असलेल्याच बोल्टांना धरते, पाना घेतला की अर्ध्या तासात निघते. दुसरे म्हणजे वजन. मागच्या आसाच्याही मागे ओझे लटकवले की तराजूसारखे पुढचे टोक हलके होते आणि स्टिअरिंगची पकड सुटते. पहिल्या फेरीला आम्ही चांदोदला गेलो तेव्हा हे अनुभवले. पेटीत वहिनीने फराळाचे डबे, तांब्याची कळशी आणि दादाची हत्यारे भरली होती. डभोईच्या अलीकडे एका गतिरोधकावरून गाडी अशी काही डोलली की मागून स्कूटरवर येणारा मी डोळे मिटले. (स्कूटरवर डोळे मिटू नयेत हे मान्य.) घाटावर पोचल्यावर सगळे उतरवून नव्याने लावले. हत्यारे आणि जड सगळे सीटच्या मागच्या फटीत आणि पायांशी, कॅरिअरवर फक्त कपडे. कडक सुटकेसऐवजी मऊ पिशव्या, कारण त्या फटीचा आकार घेतात. मागचा दिवा आणि नंबराची पाटी झाकली जाणार नाही हेही पाहिले. परतताना गाडी शहाण्यासारखी चालली. म्हणजे प्रश्न पेटीचा नव्हता, पेटीत काय भरायचे याचा होता. संसारात तरी वेगळे काय असते?

आता कायद्याकडे. नियम वाचणे हा माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे इथे मला गप्प बसवत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीपुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये तेच बजावले. ठीक आहे. पण पान्याने निघणारी चौकट आणि तिच्यावरची कपड्यांची पेटी त्या पुस्तकाच्या कुठल्या रकान्यात बसते, हे मला कोणीतरी दाखवावे.

खरी मेख पुढे आहे. 2021 च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी नवे नियम काढले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही खास अक्षरे. मान मोठा. पण अशी नोंदणी झाली की गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे, दुरुस्ती अशा ठरावीक कामांसाठीच. नेहमीच्या वापराला बंदी. त्या यादीत मी दोनदा शोधले. माहेर नाही. सुट्टी नाही. चांदोद नाही. त्या गृहस्थांचा दादाला आग्रह आहे तो नेमका याच नोंदणीचा. म्हणजे मान घ्यायचा आणि पाय द्यायचे. दादाची गाडी अजून जुन्या साध्या नोंदणीवर आहे, वेळच्या वेळी तपासणी करून ती तो वाढवून घेतो. माझे त्याला एकच सांगणे आहे, दादा, ती पाटी घेऊ नकोस.

2023 च्या जानेवारीत लक्ष्मी विलास राजवाड्याच्या हिरवळीवर देशभरातल्या जुन्या गाड्यांचे मोठे कॉनकूर भरले होते. अशी प्रदर्शने व्हावीत, राजेरजवाड्यांच्या एकमेव नमुन्यांना काचेसारखे जपावे, माझे काही म्हणणे नाही. पण टीडी ही काही एकमेव नाही, जवळजवळ तीस हजार बनल्या. साध्या माणसांनी हप्त्यावर घ्यायची गाडी होती ती. तिला राजवाड्याचा सोवळेपणा का? आणि गंमत बघा, एमजी याच नावाच्या गाड्या 2019 पासून बडोद्याशेजारी हालोलला बनतात. त्यांच्या डिकीत अख्खे बिऱ्हाड मावते, त्यावर कोणी नाक मुरडत नाही. ब्रँड बाटलेला चालतो, पेटी चालत नाही!

आपल्या घुमटाचे घ्या. पूर्वी त्याला घोरपडीचे कातडे लावत. 1972 च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले आणि कालांतराने बकऱ्याचे कातडे आले. नाद थोडा बदलला, जाणकार हळहळले. पण चवथीच्या आरत्या थांबल्या का? त्या वाजत राहिल्या म्हणूनच 2019 मध्ये सरकारला घुमटाला वारसावाद्याचा दर्जा देता आला. मूळ कातड्याचा हट्ट धरून ते खुंटीला टांगले असते, तर आज दर्जा कोणाला दिला असता? मडक्याला?

वारसा हा वापरणाऱ्याच्या हातात जिवंत राहतो, जपणाऱ्याच्या कुलपात नाही. आमच्याकडे भाषेच्या, देवळांच्या, घरांच्या बाबतीतही शुद्धतेचे पहारेकरी कमी नाहीत. त्यांनाही हेच सांगायचे आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय. असो.

दादा आणि वहिनी मे महिन्यात यायचे म्हणतात. बडोदे ते कवळे सुमारे हजार किलोमीटर. पहाटे निघायचे, ऊन चढले की थांबायचे, चार दिवस लावायचे, असा बेत आहे. वाटेत काही बिघडेलही. बर्था बेंझचेही बिघडले होते. जाताना मानकुराद, सोलां आणि एखादा फणस द्यायचा विचार आहे. फणस तेवढा पायांशी ठेवायला सांगेन.