एक योजन म्हणजे किती किलोमीटर?

‘आमच्या पूर्वजांना पृथ्वीचा व्यास अचूक ठाऊक होता’, हे विधान व्याख्यानांतून आणि भ्रमणध्वनीवरील संदेशांतून वारंवार केले जाते. पुराव्यासाठी योजनांचे किलोमीटर केले जातात आणि टाळ्या पडतात. पण हे रूपांतर होते कसे, हे कोणी विचारीत नाही.

इ.स. ४९९ च्या सुमाराच्या ‘आर्यभटीया’त पृथ्वीचा व्यास १०५० योजने आहे, भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त (इ.स. ११५०) तो सुमारे १५८१ योजने. पृथ्वी तर तीच! मग आर्यभटांसाठी योजन बारा किलोमीटरांचे धरायचे, भास्कराचार्यांसाठी आठाचे. दोन्ही उत्तरे आजच्या १२,७४२ किलोमीटरांशी जुळतात. याला रूपांतर म्हणत नाहीत. हा उत्तर आधी ठरवून केलेला भागाकार आहे.

वास्तविक दोघांनीही आपले कोष्टक दिले आहे. आर्यभटांचे योजन आठ हजार पुरुषांचे, पुरुष चार हातांचा. ‘लीलावती’त चार हातांचा दंड, दोन हजार दंडांचा क्रोश, चार क्रोशांचे योजन. दोहोंकडे ३२,००० हातच! हात दीड फुटाचा मानला तर योजन सुमारे १४.६ किलोमीटर होते. त्या मापाने आर्यभटांचा व्यास सुमारे १५,३६० आणि भास्कराचार्यांचा २३,००० किलोमीटरांहून अधिक भरतो. तेव्हा कोणत्या काळी, कोणत्या प्रदेशी हात केवढा होता, हे ठरविल्यावाचून किलोमीटरचा आकडा सांगणे हे ज्ञान नव्हे.

कोसाचीही तीच कथा. ‘कोस म्हणजे दोन मैल’ असे आपण घोकतो. परंतु ‘लीलावती’चा क्रोश त्याच दीड फुटी हाताने सव्वादोन मैलांचा, तर अकबराचा पाच हजार गजांचा कोस, ३३ इंची गजाने, अडीच मैलांहून मोठा.

कोणी म्हणेल, अभिमानाच्या गोष्टीत एवढा काटेकोरपणा कशाला? कारण उद्या एखादा विरोधक कागद-पेन्सिल घेऊन बसला, तर त्या एका खोट्या भागाकारापायी आपली सारी ज्ञानपरंपरा तो हास्यास्पद ठरवील. आणि या कुबड्यांची गरज तरी काय? आर्यभटांनी २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ सांगितला. भास्कराचार्यांचा ४९६७ योजनांचा भूपरिघ त्यांच्या व्यासाने भागला तरी ३.१४१६ च येते. या गुणोत्तराला ना हात लागतो, ना योजन, ना किलोमीटर.

व्यासपीठावरून योजनांचे किलोमीटर सांगणाऱ्याने आधी आपला हात किती इंचांचा, ते सांगावे. श्रोत्यांनीही ते विचारल्याखेरीज टाळी वाजवू नये.