परतलेल्या रुग्णाला कोण विचारणार?

आरोग्यसेवेच्या व्यवस्थापनात सध्या 'रुग्णसमाधान' या शब्दाला मोठी प्रतिष्ठा लाभली आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये 'मेरा अस्पताल' ही योजना सुरू केली. उपचार घेतलेल्या रुग्णाला दूरध्वनीवरून वा लघुसंदेशाने विचारावयाचे की, तुम्ही समाधानी आहात काय? नसल्यास कारण काय? कर्मचाऱ्यांची वागणूक, अस्वच्छता, खर्च की उपचारांचा दर्जा? रुग्णाला विचारले जाते यात गैर काहीच नाही. डॉक्टर सांगतील ते मुकाट्याने ऐकावे, या सरंजामी रिवाजापेक्षा ते केव्हाही बरे. आमचा आक्षेप निराळा आहे. हा प्रश्न आत पोचलेल्या माणसालाच विचारला जातो. जो दारातूनच परतला, तो या मोजणीत कोठेच नसतो.

वांद्र्याचेच उदाहरण घ्या. पश्चिमेस महापालिकेचे भाभा रुग्णालय आहे. त्याच बाजूस लीलावती, होली फॅमिली ही नामांकित रुग्णालये आहेत. रुळांपलीकडे पूर्वेस बेहरामपाड्याची दाट वस्ती आहे. तेथील मजुराला वा घरकाम करणाऱ्या बाईला आजारपण म्हणजे आधी बुडालेला रोज. कोणत्याही सार्वजनिक रुग्णालयाच्या रांगेत सकाळ गेली, औषध बाहेरून विकत आणावे लागले, तरी 'डॉक्टरांनी तपासले, एवढे पुष्कळ झाले' असेच ती म्हणेल. हे सेवेचे प्रशस्तिपत्र नव्हे. अपेक्षाच खुडून टाकल्या की समाधान स्वस्तात मिळते!

धर्मादाय रुग्णालयांबाबत तर कायदाच आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ४१ कक आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेली योजना यांनुसार त्यांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखावयाच्या असतात. शिवाय देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावयाची असते. या खाटांचा हक्क ज्यांना ठाऊकच नाही, त्यांच्या समाधानाची टक्केवारी कोण काढणार?

साधने मर्यादित आहेत, म्हणून व्यवस्थापन सुधारा, असे आम्हांला सांगितले जाते. व्यवस्थापन अवश्य सुधारावे. परंतु रांग सरळ केल्याने डॉक्टरांचे रिक्त पद भरत नाही, आणि परिचारिकेने हसून बोलल्याने संपलेले औषध कपाटात येत नाही. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ मध्येच मांडले. सार्वजनिक रुग्णालये व दवाखाने चालविणे हे १८८८ च्या अधिनियमाने मुंबई महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरविले आहे. कर्तव्याचे मोजमाप गिऱ्हाइकाच्या खुशीने होत नसते. रुग्ण हा गिऱ्हाईक नव्हे, तो नागरिक आहे.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. प्रत्येक रुग्णालयाच्या दारावर रोज फलक लागला पाहिजे: मंजूर पदे किती, रिक्त किती, कोणती औषधे शिल्लक नाहीत, राखीव खाटांपैकी मोकळ्या किती, आणि आज किती रुग्णांना परत पाठविले. हा फलक आपोआप लागणार नाही. कार्यकर्त्यांनी बेहरामपाडा, भारतनगर, खेरवाडी येथे घरोघर जाऊन परतलेल्या रुग्णांची नोंद करावी आणि ती यादी घेऊन महापालिकेच्या व धर्मादाय आयुक्तांच्या दारात उभे राहावे. समाधानाचे अर्ज ते भरून घेतात. असमाधानाची नोंदवही आपण भरली पाहिजे.