अक्षरांच्या आधी दगड

टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही म्हण आम्ही अधिकारी भाषणांतून सढळ हाताने वापरतो. मात्र टाकी लावण्यापूर्वी दगडाची परीक्षा करावी लागते, हे मला उशिरा कळले. तेही स्वतःच्या चुकीतून.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील एका गावात मृतांची नावे कोरलेली शिला उभारण्याचे काम माझ्याकडे होते. अनावरण वर्षश्राद्धाला व्हायचे होते. दगड ऐनवेळी आला. वृद्ध स्थपतींनी तपासणीसाठी चार दिवस मागितले, मी नाकारले. पुढच्या पावसाळ्यात एका चिरेपाशी कपचा उडाला आणि एका मुलीचे नाव गेले. तिच्या आईने तक्रार केली नाही. “सार, कागदावर तरी आहे ना?” एवढेच विचारले.

नव्या शिलेच्या वेळी मी त्याच स्थपतींपाशी रविवारी जाऊन बसू लागलो. प्रथम हातोडीने ठोकून नाद ऐकायचा. खणखणीत वाजला तर दगड निरोगी, बद्द वाजला तर आत दोष. शिल्पशास्त्रात पुरुष, स्त्री व नपुंसक असे शिलांचे भेद नादावरूनही केले आहेत. मग दगड भिजवून वाळू द्यायचा. सगळा दगड सुकला तरी चिरेची रेघ ओली राहते. त्यानंतर घडाई. कडा एका पातळीत आणून, सरळ पट्टीला गेरू फासून ती पृष्ठावर फिरवायची. जिथे गेरू लागेल तो उंचवटा टाचायचा. असे पुनःपुन्हा. शेवटी पाणी घालून घासायचे, पण आरशासारखी चकाकी आणायची नाही, कारण कोरलेले अक्षर सावलीमुळे वाचता येते आणि चकाकीत ती सावली हरवते. माझ्या हातून वीतभर जागा सपाट व्हायला तीन रविवार लागले.

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. घरापासून इतक्या दूर आपली भाषा वाचताना ऊर भरून येतो. पण ती आजवर टिकली, याचे श्रेय मजकुराइतकेच त्याखालच्या दगडालाही आहे.

माझ्या पाहण्यातील अंदाजपत्रकांत कोरीवकामाचा दर अक्षरागणिक असतो. परीक्षा व घडाई ‘इतर कामे’ या सदरात गुंडाळलेली असते. माझे स्पष्ट मत असे की, घडाईची स्वतंत्र बाब आणि स्वतंत्र मुदत असावी, भिजवून तपासल्याखेरीज शिला स्वीकारू नये, आणि अनावरणाची तारीख त्यानंतरच ठरवावी. घडाई चालते त्या दिवसांत नावांची यादी घरोघर वाचून दाखवावी. आम्ही तसे केले, तेव्हा दोन नावे चुकीची निघाली आणि एक राहून गेलेले सापडले.

दुसरी शिला वर्षश्राद्धाला तयार नव्हती. ती उभी राहिली तेव्हा पाहुणे नव्हते. त्या आईने नावावरून बोट फिरवले, आणि स्थपतींनी माझ्याकडे न पाहता आपली अवजारे गोळा केली.